ग्लेन पावलोव्स्कींची कॉलेज-पाहणी

अमेरिकेतल्या ईरी शहराच्या पाणीखात्यात एकवीस वर्षं नळाचं पाणी तपासणाऱ्या ग्लेन पावलोव्स्कींची एका गोष्टीवर श्रद्धा होती. कुठलीही वस्तू बाटलीत भरावी, तिच्यात रसायनाचे चार थेंब टाकावेत आणि रंग बदलतो का ते बघावं. तिची लायकी कळते. माणसांच्या बाबतीत ही श्रद्धा त्यांच्या फारशी उपयोगी पडली नव्हती, पण सोडून द्यावी असंही काही घडलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मुलीने, टेसाने, एका संध्याकाळी तोंडात बटाट्याचा घास असतानाच आपल्याला एल्डरविक कॉलेजात जायचंय असं जाहीर केलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तपासून बघू."

एल्डरविक म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या डोंगरात, साडेचार तासांच्या अंतरावर असलेलं जेमतेम नऊशे मुलांचं कॉलेज. तिथे पहिल्याच वर्षी चाळीस पुस्तकं वाचायला लावतात, मार्क किती पडले ते मागितल्याशिवाय सांगत नाहीत, आणि मागायची कोणाची छाती होत नाही, अशी त्याची ख्याती होती. सुट्टीच्या दिवशीही तिथली मुलं वाचनालयातच सापडतात, असं ते कॉलेज स्वतःच्या माहितीपत्रकात अभिमानाने छापत असे.

आणि टेसा? तिला कोपऱ्यावर पाव आणायला पाठवलं, तर ती पाऊण तासाने पाव, बेकरीवाल्याच्या मूतखड्याची साद्यंत हकीकत आणि खमीर का फुगतं याचं शास्त्र असं तिन्ही घेऊन परत यायची. कधीकधी पाव राहून जायचा. पहिलीपासून अकरावीपर्यंतच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात "हुशार, पण बोलते" हे एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. या मुलीला सगळं जाणून घ्यायचं असे आणि ते माणसांतच बसून जाणून घ्यायचं असे. एल्डरविकमध्ये तिचं डोकं खूश होईल, पण बाकीची टेसा उपाशी मरेल की काय, हा पावलोव्स्कींचा प्रश्न होता.

प्रश्न खरा होता. पण घरापासून वीस मिनिटांवर एक चांगलं, प्रेमळ सरकारी कॉलेज होतं आणि उत्तर "नाही" असं आलं तर पावलोव्स्कींना वाईट वाटणार नव्हतं, हेही तितकंच खरं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तपासाचं पहिलं पाऊल म्हणून त्यांनी चौदा रकान्यांचा एक तक्ता आखला. त्यात "दर शिक्षकामागे मुलं", "दर मुलामागे खिडक्या", "हिवाळ्यातले ढगाळ दिवस" असे रकाने होते. त्यांची बायको डोरीन दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची आणि घाबरलेल्या माणसांना रोज बघायची. तिने तक्ता वाचला, नवऱ्याकडे बघितलं आणि त्याच्यापुढे आणखी दोन बटाटे वाढले.

दुसरं पाऊल म्हणजे जाणकारांचा सल्ला. शेजारचे रकर्ट मोटार शिकवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरून बघायचे. त्यांचा एक पुतण्या अशाच कुठल्याशा कडक कॉलेजात गेला होता. तो चार वर्षांनी दाढी वाढवून परत आला आणि तेव्हापासून जेवताना मीठ मागायचं झालं तरी आधी "मीठ म्हणजे काय" इथून सुरुवात करतो, असं रकर्टनी कुंपणावर कोपर टेकून सांगितलं. पलीकडच्या लोरेन डुडेकबाईंच्या भाचीला मात्र तसल्याच कॉलेजात नवरा मिळाला होता. नवरा चांगला आहे का, असं पावलोव्स्कींनी विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या, की उंच आहे.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, चालू होता आणि दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असायचं. तिथे रांगेत उभं राहून पावलोव्स्कींनी विषय काढायला नको होता. मासा ताटात पडेपर्यंत सात जणांनी मत दिलं होतं आणि कोबीची कोशिंबीर संपेपर्यंत दोन टेबलं आपसांत भांडत होती. एकाचं म्हणणं, बोलक्या मुलीला मुक्या लोकांत पाठवणं हे पाप आहे. दुसऱ्याचं म्हणणं, तिथे जाऊन ती निदान गप्प बसायला तरी शिकेल. या दुसऱ्या माणसाला पावलोव्स्कींनी पुढचे तीन शुक्रवार ओळख दिली नाही. टेसा तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात जाऊन, माशाच्या पिठात बिअर का घालतात ते विचारून आली होती.

मग शाळेतल्या मार्गदर्शक बाई. त्यांच्या वाट्याला चारशे बारा मुलं होती. भेटीची वेळ नऊ मिनिटांची. त्यातली चार मिनिटं त्या "टारा"च्या गणितातल्या अडचणींबद्दल कळकळीने बोलल्या. आपल्या मुलीचं नाव टेसा आहे आणि तिचं गणित उत्तम आहे, हे पावलोव्स्कींनी नम्रपणे निदर्शनास आणलं. तेव्हा बाईंनी दुसरी फाइल उघडली, डोळे चोळले आणि मनापासून सांगितलं, "कॉलेज जाऊन बघा. कागदावर सगळी कॉलेजं सारखीच दिसतात."

म्हणून त्यांनी एल्डरविकच्या भेटीच्या दिवसाचा अर्ज संगणकावर भरला. आणि त्यांच्या मानहानीचा खरा प्रारंभ इथे झाला.

अर्जात पहिलाच चौकोन "नाव" असा होता. एकवीस वर्षं सरकारी कागद भरणारा माणूस "नाव" असं दिसलं की स्वतःचंच लिहितो. त्यात त्याचा दोष नाही. पुढे जन्मतारीख विचारली. ती त्यांनी खरी दिली आणि संगणकाने कुरकुर न करता घेतली. दुसऱ्या पानावर "सोबत कोण येणार" असं विचारलं, तिथे त्यांनी टेसाचं नाव घातलं आणि बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी पत्र आलं : "प्रिय ग्लेन, तुझ्यासारख्या जिज्ञासू तरुणाला भेटायला आम्ही उत्सुक आहोत."

चूक सुधारण्यासाठी त्यांनी फोन लावला. बदल करायचा असेल तर चार दाबा, असं एका ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं. चार दाबल्यावर दुसरा ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला की बदल संगणकावरच करावा. संगणक म्हणाला की एकदा भरलेला अर्ज बदलता येत नाही, अडचण असल्यास फोन करा. त्यानंतर दर आठवड्याला पत्र येऊ लागलं. एकात घरापासून दूर राहायची सवय कशी करावी याच्या सूचना होत्या. दुसऱ्यात लिहिलं होतं, "ग्लेन, तुला भीती वाटते आहे का? ते अगदी स्वाभाविक आहे." डोरीनने ते पत्र फ्रिजवर लावून टाकलं. पावलोव्स्कींनी ते काढलं नाही, कारण काढलं असतं तर ते मनाला लागलं असं झालं असतं.

ठरलेल्या दिवशी बापलेक सकाळी सहाला निघाले आणि पावणेअकराला एल्डरविकच्या फाटकाशी पोचले. दगडी इमारती, ओलं गवत आणि एका पायरीवर तोंडावर पुस्तक ठेवून झोपलेला एक मुलगा. पावलोव्स्कींनी तो मुलगा मनात टिपून घेतला.

नोंदणीच्या टेबलावर हिरव्या स्वेटरमधली एक विद्यार्थिनी होती. तिने दोन बिल्ले पुढे केले. एकावर "ग्लेन, भावी विद्यार्थी" आणि दुसऱ्यावर "टेसा, पालक". पावलोव्स्कींनी सगळी हकीकत सुरुवातीपासून सांगितली. मुलीने सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की बिल्ले ती बदलू शकते, पण वर्गात बसायची परवानगी नावावर निघालेली असते, आणि ती ज्या बाई देतात त्या आज रजेवर आहेत. नावावरच्या माणसालाच वर्गात जाता येईल. टेसासाठी पुन्हा यावं लागेल, मे महिन्यात.

पावलोव्स्की पाणीखात्याच्या आवाजात काहीतरी बोलणार, तेवढ्यात टेसाने "पालक" हा बिल्ला उचलून कोटाला लावला.

"बाबा, तू वर्गात जा. मला तसंही तिकडेच बसायचं होतं."

"कुठे?"

"आईबापांत. खरे प्रश्न तिथेच निघतात."

आणि ती निघूनही गेली, जाताजाता हिरव्या स्वेटरवालीला स्वेटर कोणी विणला ते विचारत.

अशा रीतीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ग्लेन पावलोव्स्की एका गोल टेबलाभोवती, बारा मुलांच्या मध्ये, त्यांच्या गुडघ्यांसाठी न बनवलेल्या खुर्चीत जाऊन बसले. शिकवायला स्ट्रँडबर्ग नावाच्या एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. पायांत रबरी बूट. त्यांनी तळ्यातल्या गढूळ पाण्याची एक बरणी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि विचारलं, "हे स्वच्छ आहे का?"

पावलोव्स्कींना क्षणभर देव आहे असं वाटलं. जगात एकाच प्रश्नाचं उत्तर त्यांना झोपेतून उठवलं तरी देता आलं असतं, आणि तोच आज विचारला गेला होता. त्यांनी हात वर केला. गढूळपणा, जंतू, क्लोरीन, हे पाणी का पिऊ नये, प्यायल्यास काय होईल आणि किती वेळात होईल, हे सगळं त्यांनी चार मिनिटांत सांगितलं. मुलं मन लावून ऐकत होती. दोघांनी लिहूनही घेतलं. पावलोव्स्की खुर्चीत किंचित मागे रेलले.

"बेडकासाठी?" स्ट्रँडबर्गबाईंनी विचारलं.

मग जे सुरू झालं ते पावलोव्स्कींनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक मुलगा म्हणाला की बेडकाला नळाचं पाणीच घाण वाटेल. एक मुलगी म्हणाली की मग स्वच्छ हा पाण्याचा गुण नाहीच, पिणाऱ्याचा आहे. तिसऱ्याने तिला मध्येच तोडलं, चौथीने त्याला तोडलं, कोणीतरी बरणी उचलून हुंगली आणि सगळे हसले. शेवटी वेण्या घातलेली एक मुलगी पावलोव्स्कींकडे वळली आणि तिने अगदी अदबीने विचारलं, की एका ठरावीक आकड्याच्या आत असलं की तुम्ही पाणी पिण्याजोगं म्हणता. तर तो आकडा कोणी आणि कसा ठरवला?

पावलोव्स्कींनी तोंड उघडलं. एकवीस वर्षं तो आकडा त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेला होता. ते रोज त्याच्याखाली डबा खात होते. तो कोणी ठरवला, असा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. कान तापलेले त्यांना कळत होते.

"उत्तम," स्ट्रँडबर्गबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते शब्द फळ्यावर लिहिले. त्यापुढचा पाऊण तास वर्ग त्या दोन शब्दांवर चालला. वेळ संपल्याचा ठोका पडला तरी कोणी उठलं नाही. उठल्यावरही सगळे भांडत भांडतच दाराबाहेर पडले, दोघं दोघं, तिघं तिघं. शेजारच्या मुलाने जाताना पावलोव्स्कींच्या खांद्यावर हात ठेवला आणि धीर दिला, की पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं, मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला बहुतेक घेतील.

अपमान झाला होता, यात शंका नव्हती. पण पावलोव्स्की जिना उतरताना त्या आकड्याचा विचार करत होते आणि हा अपमान कोणाला तरी लगेच सांगावा असं त्यांना वाटत होतं. इथली मुलं मुकी नव्हती. मुकी असती तर सोपं झालं असतं.

भोजनगृहात पालकांचं टेबल होतं, पण टेसा तिथे नव्हती. बफेलोहून आलेल्या एका जाड्याशा गृहस्थांनी तिथे घडलेलं सगळं सांगितलं. डीन विटकॉम पडद्यावर चित्रं दाखवत होते, पालक मोटारी कुठे लावायच्या आणि कपडे कुठे धुवायचे ते विचारत होते, सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका फारच तरुण दिसणाऱ्या आईने हात वर केला आणि विचारलं, की गेल्या वर्षी किती मुलं मध्येच सोडून गेली. डीन म्हणाले की प्रमाण समाधानकारक आहे. त्यावर तिने विचारलं, "ती का गेली, ते त्यांना कोणी फोन करून विचारलं का?"

मग मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांचा मोठा मुलगा दुसऱ्या एका कॉलेजातून असाच परत आला होता आणि त्याला कोणीही फोन केला नव्हता. त्या बोलायला लागल्या आणि मग सगळेच बोलायला लागले. कार्यक्रम चाळीस मिनिटं लांबला. डीनसाहेबांनी शेवटी चित्रं बंद केली आणि स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

"कोण हो त्या बाई?" बफेलोवाल्यांनी विचारलं. पावलोव्स्की दाराकडे बघत होते. त्यांना टेसा दिसली होती. ती भोजनगृहाच्या दाराशी, मुलांची जेवणाची कार्डं यंत्रात घालून घेणाऱ्या एका थोराड बाईंच्या शेजारी स्टुलावर बसली होती आणि कार्डं घेत होती.

थोड्या वेळाने ती सूपचे दोन वाडगे घेऊन बापासमोर येऊन बसली. बाईंचं नाव ओडेटा होतं, त्या तिथे एकोणीस वर्षं होत्या आणि नऊशेच्या नऊशे मुलांना नावाने ओळखत होत्या. कोण एकटं जेवतं, तेही त्यांना ठाऊक होतं. सध्या तेवीस जण एकटे जेवत होते. त्यातले चौदा हौसेने, वाचत. उरलेल्या नऊ जणांवर ओडेटाबाईंचं लक्ष असायचं. सप्टेंबर सगळ्यांचा मजेत जातो, ऑक्टोबरात ओझं पडतं. तोपर्यंत ज्याला रडायला एक माणूस मिळालं तो टिकतो.

"आणि ते कोणाकडे रडतात?"

"बरेचसे ओडेटाकडेच. हे डीनना ठाऊक नाही."

पावलोव्स्कींच्या तक्त्यात चौदा रकाने होते आणि एकटं कोण जेवतं हा त्यात नव्हता. तीन महिने त्यांनी खिडक्या मोजल्या होत्या. ही पोर जेमतेम अर्धा तास स्टुलावर बसली होती.

"मग, तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. आतापर्यंत हा प्रश्न त्यांनी रकर्टना विचारला होता, डुडेकबाईंना विचारला होता आणि तळलेल्या माशांच्या रांगेतल्या सात जणांना विचारला होता.

टेसाने आधी सूप संपवलं, मग उत्तर दिलं. तिच्या बाबतीत हे क्वचित व्हायचं.

"मी ऑक्टोबरात रडेन, बाबा. बहुतेक खूप. मी शाळेत नेहमी पहिली असते आणि इथे नसणार. ते मला हवंय, पण रडू येणारच. मग मी ओडेटाकडे जाईन, आणि मग तुला फोन करीन. फक्त तू तो फोन ऐकून लगेच गाडी काढायची नाहीस."

पावलोव्स्कींनी चमचा खाली ठेवला. वीस मिनिटांवरचं ते प्रेमळ कॉलेज त्यांच्या डोळ्यांसमोरून एकदा गेलं, आणि ते इतके दिवस नेमकं कशासाठी तपास करत होते, ते त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. मुलीला ते केव्हाच कळलेलं होतं, हेही कळलं.

"नाही काढणार," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आठवडाभर तरी नाही."

"चालेल."

तेवढ्यात डीन विटकॉम टेबलांमधून वाट काढत आले. त्यांच्या हातात कागद होता आणि त्यावर टेसाचं नाव होतं. त्यांनी आधी पावलोव्स्कींच्या छातीवरचा "भावी विद्यार्थी" वाचला, मग टेसाच्या कोटावरचा "पालक" वाचला, आणि मग पुन्हा एकदा दोन्ही वाचले. शिकलेला माणूस असल्यामुळे त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"यांच्याशी मला बोलायचं होतं," ते सावधपणे म्हणाले. "या आपल्या कोण?"

"ती माझी मुलगी आहे," पावलोव्स्की म्हणाले. शेजारच्या टेबलावर बफेलोवाले बसले होते, त्यांना कदाचित नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने सांगितलं.

डीननी टेसाला तिचे सगळे प्रश्न लिहून पाठवायची विनंती केली. टेसा म्हणाली की जरूर पाठवीन, पण सोमवारी रसायनशास्त्राची परीक्षा आहे, मंगळवार चालेल का. डीन म्हणाले, मंगळवार चालेल. ओडेटाबाईंशीही एकदा बोला, असं तिने सुचवलं. मग डीनना घेऊन ती स्वतःच दाराकडे गेली आणि तिने दोघांची ओळख करून दिली. एकोणीस वर्षं ती माणसं एकाच इमारतीत जेवत होती.

दुपारी तीनला ते परत निघाले. हमरस्त्याला लागायच्या आधी पावलोव्स्कींनी पेट्रोल भरायला गाडी थांबवली आणि टेसा कॉफी आणायला दुकानात गेली. टाकी भरून झाली. काच पुसून झाली. टेसा आली नाही. दुकानाच्या काचेतून ती दिसत होती : गल्ल्यामागचा म्हातारा बोटांवर काहीतरी मोजून तिला सांगत होता आणि ती त्याचं एक बोट खोटं ठरवत होती. पावलोव्स्की गाडीला टेकून उभे राहिले.

मागे एक ट्रकवाला आपली पाळी यायची वाट बघत होता. तो खाली उतरून आला, पण चिडलेला नव्हता. त्यानेही काचेतून पाहिलं.

"ती तुमची का?"

"माझी," पावलोव्स्की म्हणाले. "एल्डरविकला जाणार आहे."

खरं तर अजून प्रवेशअर्जाचा पहिला चौकोनही भरलेला नव्हता. ट्रकवाल्याने त्या कॉलेजात एकदा दगड पोचवले होते. फार अवघड जागा आहे म्हणतात, तो म्हणाला. झेपेल का?

पावलोव्स्कींनी प्रश्नाचा नीट विचार केला. दुकानात म्हाताऱ्याने हार मानली होती आणि तो आता पुढचं बोट मोजून टेसाला दुसरंच काही सांगत होता.

"पहिले काही महिने जड जातील," ते म्हणाले. "पण झेपेल. कॉलेज चांगलं आहे. त्याला ती झेपेल."